फंडाची बाई

तांबट आळीत हळू बोलणाऱ्या माणसाला आजारी समजतात. दिवसभर हातोड्यांचा दणदणाट; त्यात आजार फंड समजावून सांगायचा म्हणजे घसा फोडून घेणंच. पण १९३४च्या त्या उन्हाळ्यात सोमाच्या अंगात फंडच संचारला होता. भांड्यांवर नावं कोरणारा हा माणूस काम टाकून दारोदार ओरडत सुटला: महिन्याला थोडी वर्गणी भरा, घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टर नि औषध फुकट! ओरडता ओरडता उजवा डोळा बाहीने पुसायचा. तांब्याचा कीस उडून तो डोळा सदा गळायचा.

सोमाच्या घरासकट चाळीस घरं फंडात आली. वाचता येणारे थोडे, म्हणून सोमाने घरटी एक तांब्याचा बिल्ला घडवला आणि त्यावर हातात बाटली घेतलेली नर्स कोरली. हा दाखवला की औषध मिळणार. बिल्ले इतके देखणे उतरले की सोमा स्वतःवरच खूश झाला.

तीन महिने गेले, फंडाने ठरवलेल्या दवाखान्यात एकही बिल्ला फिरकला नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या लोकांना गरज दिसत नाही, महिनाअखेर हे बंद करू. सोमा चक्रावला. आळीत खोकणारे काय कमी होते?

तेवढ्यात कळलं, शेजारच्या गोरक्षची बायको फुलाबाई चार दिवस तापाने फणफणतेय. सोमा तसाच धावला आणि बिल्ला मागितला. गोरक्षने देव्हाऱ्याकडे बोट केलं. खंडोबाच्या टाकाशेजारी नर्सबाई बसलेल्या, हळदकुंकू लावून, वर ताजं फूल!

"रोज पूजा करतो, सोमादादा. तरी ताप उतरत नाही."

सोमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरोघरी हेच झालं असणार, आणि ते आपल्याच कोरीवकामाने! त्याने बिल्ला उचलला. गोरक्षने हात धरला, तो झटकून सोमाने तिथलाच एक खिळा टेकवला आणि हातोडी घातली. बाईच्या पोटातून आरपार भोक. खंडित टाक पूजेत चालत नाही, हे काय गोरक्षला सांगायला हवं?

"आता ही देवी नाही. वहिनींना उचल."

टांग्यातून दवाखाना गाठला. हिवताप होता, जोराचा. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. फुलाबाईच्या तोंडात औषध गेलेलं पाहिलं आणि सोमा आनंदाने वेडा झाला. खिळा-हातोडी घेऊन अख्खी आळी पालथी घातली. बायका शिव्या घालत होत्या, हा हसत भोकं पाडत होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत रांग लागली. डॉक्टरांनी बंद करायचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी तो फुशारकी मारत घरी आला. बायकोने, कुसुमने, सगळं ऐकून घेतलं, मग उठून आपल्या देव्हाऱ्यातला बिल्ला आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. कुंकवाने माखलेला, अजून अखंड.

"अहो, हा एक राहिला. डोळा कधी दाखवणार?"

सगळ्यांत पहिला घडवलेला, सगळ्यांत सुबक बिल्ला तो. एकोणचाळीस बायांना भोकं पाडलेल्या सोमाने तो तळहातावर फिरवून पाहिला. त्याने गळणारा डोळा पुसला आणि खिळा मागितला.