चार सुपांचा वारा

हिवरा आश्रमाहून सकाळची पहिली बस धरली तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा माझाच: ‘डोंगर विकणे आहे’. घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला एका टेकडीवरून पॅराग्लायडिंग सुरू झालंय, शहरातल्या हौशी लोकांसाठी गावाची गुरं हाकलतायत, असं फोनवर कळलं होतं. तेवढ्यावर मी पत्रक लिहून मोकळी झाले होते. टेकडी पाहिली नव्हती.

बुलढाण्याला उतरून मोताळ्याची जीप केली. घाट उतरल्यावर ड्रायव्हरनं बोट दाखवलं. उघड्या टेकडीच्या माथ्यावर एक केशरी कापड पसरलेलं. पायथ्याशी कापणी झालेलं वावर, आणि वावराच्या पार टोकाला तिवईवर उभी एक बाई. भरलेलं सूप डोक्यावर धरलेलं. हलत नव्हती.

“मावशी, काय पाहता?”

“हवा पाहून राह्यली. तू बाजूले हो, अंगावर कुटार (भुसा) येईन.”

त्या शमीमबी. वावर बटाईनं, अर्ध्या वाट्यावर करतात. मालक बुलढाण्यात राहतो. त्यानं हे वावर विमानवाल्यांना उतरायला दिलंय. पॅराग्लायडिंगवाल्यांना शमीमबी विमानवालेच म्हणतात. उद्या पाहुणे येणार, म्हणून संध्याकाळपर्यंत खळं उचल, असा त्याचा निरोप. तूर झोडून झाली होती. वाऱ्यावर उपणून कुटार वेगळं करायचं बाकी होतं, आणि सकाळपासून वारा नव्हता.

“कुटारासकट पोत्यात भरू का? कोण घेईन?”

मालकानं कागद केला, पैसे घेतले, आणि वर्षभर राबलेल्या बाईला एक निरोप धाडला. माझं डोकं तापलं. मी पत्रक पुढे केलं. तेवढ्यात टेकडीवरून उतरलेल्या पोरानं ते त्यांना वाचून दाखवलं. हा विशाल, मोताळ्याचाच. लोकांना घेऊन उडणारा तो.

“खाला, याच्यात गुरांचं हाये.”

“कोणाचे गुरं? त्या टेकडीवर काटे हायेत नुसते. हवेचं कुठी लिवलं?” त्यांनी कागद हातात घेऊन तोंडासमोर हलवला. “हां, थोडीशी येते.”

विशाल हसला. मी नाही.

गंमत अशी की तोही त्याच वाऱ्याची वाट पाहत होता. तो कोकणात, समुद्राकाठच्या टेकडीवर शिकला. “तिथं दुपारभर एकसारखी हवा येते. इथं बी येईन.”

“इथची हवा चार सुपं देते अन् दम खाते,” शमीमबी म्हणाल्या. “मले इतके वर्सं झाले उपणता. चार झाले का थांबजो.”

“ताई, एकदा वरून पाहा न,” विशाल मला म्हणाला. “मंग लिहा काय लिहाचं ते.”

मी रागानंच टेकडी चढले. बोराटीनं ओढणी फाडली. वर त्यानं मला पट्ट्यांत आवळलं, स्वतः मागे उभा राहिला. मग वारा आला. खाली शमीमबींचं सूप तिरपं झालं, दाणे सरळ पडले, कुटार झेंड्यासारखं बाजूला उडालं. एक. दोन. तीन. चौथं सूप रिकामं झालं.

“चार झाले. थांबायचं ना?”

“कोकणात याच्यापेक्षा कमी हवेत उडालो, ताई.”

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरं सांगते, मलाही उडायचं होतं.

पाच-सहा पावलं धावलो आणि जमीन सुटली. कपाशीच्या ओळी, मोताळ्याकडचे पत्रे, शेळ्यांचा एक कळप. पट्ट्यांची करकर सोडली तर आवाज नाही. पत्रकातलं एक वाक्यसुद्धा मला आठवत नव्हतं. मग खालचं कुटार उडायचं थांबलं.

विशाल वावराच्या अलीकडच्या टोकाला उतरणार होता. पण समोरून अडवायला वाराच उरला नाही. आम्ही घसरत पुढे, पुढेच गेलो. “पाय वर घ्या,” तो ओरडला. मी घेतले नाहीत. उपणलेल्या, स्वच्छ राशीत माझ्या टाचा घुसल्या. मागून केशरी कापड कुटारावर पडलं आणि ते सगळं ओढत राशीवर आणलं.

“काऊन बे, तुले सांगतलं होतं न?” शमीमबी विशालला म्हणाल्या. मग मला विचारलं, “लागलं का, पोरी?”

“नाही.”

“मले वाटलं, तू त्याले थांबवाले आली.”

वारा गेला तो गेलाच. आम्ही तिघं सुपं घेऊन पाखडत बसलो. माझ्या सुपातून कुटार कमी आणि तूरच जास्त उडाली, तेव्हा शमीमबींनी ते काढून घेतलं आणि खडे वेचायला बसवलं. दुपारी त्यांच्याच फडक्यातली भाकर आणि ठेचा वाटून खाल्ला. अर्धी रास तशीच होती.

विशालनं मालकाला फोन लावला. “खळं उठेस्तोवर मी उडत नाही. दुसरा आणा, पण त्याले हवा तुम्ही दाखवजा.” बरीच बोलणी खाल्ली. शेवटी पाहुणे परवावर गेले. एक दिवस मिळाला.

“अन् उद्या हवा?” मी विचारलं.

शमीमबींनी टेकडीकडे पाहिलं. “ते मालकाच्या हातात नाही. तुह्या बी नाही.”

गठ्ठा तसाच परत आणला. नवं पत्रक लिहायचंय. त्यात मालक असेल, वारा असेल, आणि रास कोणाच्या टाचांनी मोडली तेही असेल. घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता आणि दारातला निंब हलत होता. मी पिशवी खांद्यावरच ठेवून उभी राहिले. एक सूप भरेल, रिकामं होईल, एवढा वेळ. दुसरं. तिसरं. चौथ्याला पानं थांबली.