कपाटासाठी शिवलेले पलंगपोस

रत्नागिरीत डिझायनर म्हणून ओळख सांगितली की समोरची बाई आधी आपल्या ब्लाउजची मागची बाजू दाखवते. दोरी किती लांब ठेवायची, लटकन कुठे लावायचं, हे जिला कळतं ती डिझायनर. मी लाकडी ठशांनी कापडावर छपाई करते, चादरी, अभ्रे, पडदे असलं घरातलं काहीबाही करते, हे ऐकलं की त्यांचा चेहरा पडतो. "म्हणजे बेडशीटवाल्या का?" असं एकीने विचारलंही होतं. मी हो म्हणून टाकलं. वाद घालत बसलं की तिकडे ठशावरचा रंग वाळतो.

असा वाद घालत बसणारी एक बाई मात्र गावात आहे, हे मला एका प्रदर्शनात कळलं. तिचं टेबल माझ्या शेजारी लागलं होतं. ती साताऱ्याकडची, नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे इकडे आलेली. कापडाचे दोन थर एकावर एक ठेवून त्यावर हाताने बारीक धावदोरा घालायचा, हे तिचं काम. सगळं प्रदर्शनभर आम्ही एकमेकींच्या मालाकडे तिरप्या नजरेने बघत होतो. शेवटच्या दिवशी सगळी गर्दी समोरच्या लोणच्यांवर पडली होती, तेव्हा ती उठून आली आणि माझी चादर उलटसुलट करून म्हणाली, "छपाई बरी आहे. पण कापड एकेरी. जीव नाही त्याला."

मी म्हणाले, "तुमच्या शिवणीला जीव आहे, पण रंग बघून झोप येते."

"पलंगपोस आहे तो," ती म्हणाली. "झोप यायलाच हवी की."

चहा संपायच्या आत ठरलं. दोन थर सुती कापड, वरच्या थरावर माझी छपाई, त्यावर तिचा धावदोरा. दोघींची नावं स्वतंत्र, धंदे स्वतंत्र, फक्त पलंगपोस एकत्र. पहिल्या भांडणापर्यंत आम्ही एकमेकींना अहोजाहो करत होतो, मग अगंतुगंवर आलो. भांडणाला विषय कमी नव्हते. तिचा धावदोरा माझ्या नक्षीला जुमानायचा नाही. मी मोठ्या हौसेने पाकळी छापावी आणि हिने तिच्या पोटातून सरळ रेघ न्यावी. "अगं, जरा कडेने जा ना," असं मी म्हटलं की ती म्हणायची, "कडेने गेले तर थर बसत नाहीत. तू पाकळी हलव."

त्यात सुलट बाजू कोणती यावरही आमचं एकमत नव्हतं. मला छपाईची बाजू सुलट वाटायची, हे उघडच आहे. तिला खालची, जिथे छपाईची लुडबुड नाही आणि नुसते टाके दिसतात ती. गिऱ्हाईक आलं की मी माझी बाजू वर करून घडी घालायचे, मी पाणी आणायला आत गेले की ती घडी उलटवून ठेवायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, दोन वेगळे पलंगपोस आहेत. एकदोघांनी तर "तो मघाचा दाखवा" असंही म्हटलं.

पण पलंगपोस खपले. वास्तुशांतीला, लग्नाला, साठीशांतीला लोक नेऊ लागले. रस्त्यात भेटणारे थांबवून कौतुक करू लागले. आणि तक्रार म्हणाल तर चार वर्षांत एकही नाही. कुणाचा रंग गेला नाही, कुणाचा टाका उसवला नाही. मी खूश होते. आपण किती टिकाऊ वस्तू करतो, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत होते.

ती मात्र अस्वस्थ होती. "धुतलेला पलंगपोस तुला कुणाच्या दोरीवर दिसलाय का?" तिने एकदा विचारलं. मला आठवेना. त्यानंतर तिला नादच लागला. रिक्षातून जाताना ती लोकांची अंगणं, गच्च्या, गॅलऱ्या बघत जायची. लुंग्या दिसत, परकर दिसत, शाळेचे गणवेश दिसत. आमचा पलंगपोस कुठेच नाही.

उलगडा एका हळदीकुंकवाला झाला. त्या घरच्या वहिनींनी आमचे दोन पलंगपोस नेले होते. हिने सहज विचारलं, "आमचा पलंगपोस कसा आहे?" वहिनींचा चेहरा फुलला. त्यांनी गळ्यातल्या मंगळसूत्रामागची किल्ली काढली, कपाट उघडलं, साड्यांच्या मागून एक प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीत आणखी एक पिशवी. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर सुटला. घडीचा एक पदर उचलून त्या म्हणाल्या, "बघा, आणला तसाच ठेवलाय!" आणि शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या. मी शाबासकी दिली.

घरी येताना ती म्हणाली, "एका पलंगपोसाला माझा दीड महिना जातो. चाळिशी लागली डोळ्यांना. कपाटासाठी झिजवू का ते?"

"जपतात म्हणजे आवडलाय," मी म्हणाले.

"मढ्याला पण जपतात," ती म्हणाली. साताऱ्याकडची माणसं असलं पटकन बोलून जातात.

तिला पुण्याच्या एका मोठ्या दुकानातून नोकरीचं बोलावणं आलेलं होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. पडदे, सोफ्याची कापडं, गाद्यागिरद्या यांच्या विभागाची ती प्रमुख होणार होती. नवरा बदली मागायला तयार होता. तिने आंब्याचा हंगाम संपेपर्यंत मुदत मागून घेतली होती. मी तिला व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या, आपल्या धंद्याचं नुकसान होईल, घेतलेल्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार वगैरे. सगळं खोटं होतं. धंद्याचं मी बघून घेतलं असतं. मला तिच्याशिवाय करमलं नसतं, एवढंच होतं, आणि नेमकं तेवढंच मला तोंडाने म्हणता आलं नाही.

शेवटी तीच म्हणाली, "मला एका घरात दाखव. फक्त एका. पलंगावर अंथरलेला, रोजच्या वापरातला. मग नाही जात मी."

एवढंसं काम! मला वाटलं, दुपारच्या चहापर्यंत होईल.

आम्ही घरोघर निघालो. कापड कसं टिकलंय ते बघायला आलोय, असं सांगायचं ठरलं होतं. पहिल्या घरी तो मुलीच्या रुखवतासाठी ठेवलेला होता. मुलगी समोर जमिनीवर बसून पाढे म्हणत होती. दुसऱ्या घरचा मुलगा बोटीवर होता, तो सुट्टीवर आला की काढणार होते. गेल्या सुट्टीत का काढला नाही, असं हिने विचारलं. "तेव्हा पाहुणे होते गो घरात," त्याची आई म्हणाली, "खराब केला असता त्यांनी." पाहुणे आले की काढू, असं सांगणारं घर त्याच गल्लीत होतं.

मिरकरवाड्यात एका ट्रॉलरवाल्यांचं नवं घर आहे. तिथे पलंगपोस दिवाणखान्यात होता हे खरं, पण काचेच्या शोकेसमध्ये, क्रिकेटच्या ढालींच्या मधोमध, घडी घालून. घरच्या बाईला हिने विचारलं, "पलंगावर का नाही घालत?"

"नाय गो बाय," ती दचकून म्हणाली. "आमच्याकडं मासळीची माणसं. पलंगावर कुणीपण बसतो."

पुढचं घर माझ्या चुलतमामींचं. आत शिरलो तर पलंगावर आमचा पलंगपोस! माझी छपाई वर, चारी बाजूंनी नीट खोचलेला. मी तिच्याकडे असं बघितलं की लॉटरी मलाच लागलीय. ती पलंगाशी गेली, तळवा टेकवून कापडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "घड्या बघ." घडीच्या रेघा अगदी कडक होत्या, इस्त्री केल्यासारख्या. मामी लाजल्या. आम्ही गल्लीत फिरतोय हे त्यांना शोकेसवाल्या बाईंनी फोन करून कळवलं होतं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून घातला हो," त्या म्हणाल्या. हे मीच घडवून आणलं, असं तिला आजही वाटतं. मी शपथेवर सांगते, मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर मी आधी मामींना त्यावर एक रात्र झोपायला लावलं असतं.

आणखी एका घरी तो खरोखरच महिनोन् महिने पलंगावर होता. वरून एक साधी चादर घातली होती, त्याला डाग पडू नये म्हणून. मी म्हणाले, हे धरायचं. ती म्हणाली, दिसत नाही, धरायचं नाही. आम्ही त्या बाईंच्या दारातच भांडलो, आणि त्यांनी आम्हाला सरबत देऊन गप्प केलं.

उरलं एक घर. पावस गावाच्या वाटेवर, कलमांच्या बागेतलं. तिथल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा-बायको दोघंच राहतात. जाताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसून पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलत होती. लिफ्ट आहे म्हणे. मी मुद्दाम खड्ड्यातून गाडी घातली.

बाई पडवीत नव्हत्या. "इकडे या गो, मागे," असा आवाज आला म्हणून आम्ही घराला वळसा घालून मागच्या खोलीत गेलो. आत अंधार होता, ऊब होती आणि पिकायला लागलेल्या हापूसचा वास. भाताच्या पेंढ्यात थरावर थर आंबे पिकत घातलेले होते, आमच्याकडे त्याला आढी म्हणतात. आणि त्या आढीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आमचा पलंगपोस पसरलेला होता. चिकाचे काळे डाग पडले होते. हे डाग कापडाच्या जन्मात जात नाहीत. माझी फुलं फिकी होऊन पेंढ्याच्या रंगाची झाली होती. एक कोपरा फाटून आतला थर बाहेर आला होता.

संपलं, असं मला वाटलं. पुण्याची लिफ्ट मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

बाईंना काहीच वावगं वाटत नव्हतं. "गोणपाट कमी पडलं तेव्हा हा काढला," त्या सांगू लागल्या. "तेव्हापासून दर वर्षी हाच. ऊब धरतो, पण आंब्यांना घाम येऊ देत नाही. हे तर म्हणतात, आंबे याच्याखालीच एकसारखे पिकतात. हंगाम संपला की विहिरीवर नेऊन आपटून धुते, बागेतच वाळत घालते."

"पलंगावर नाही घालत?" तिने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू येईना.

"पलंगावर काय, आम्ही दोन म्हातारी माणसं झोपतो," बाई म्हणाल्या. "आंबे लोकांकडे जातात."

ती आढीपाशी गुडघ्यांवर बसली. फाटका कोपरा हातात घेऊन तिने एकेक टाका नखाने ओढून पाहिला. कापड विरलं होतं, टाके तसेच होते. मला वाटलं, ही आता रडणार. "बाई, याचे हाल झालेत," ती म्हणाली. "मी तुम्हाला नवीन करून देते. तसाच, असाच मोठा."

"छे छे, नवीन नको," बाई घाईने म्हणाल्या. "नवीन दिलास तर तो कपाटात जाईल."

ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग ती पेंढ्यातच बसून डोळे पुसत हसत राहिली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मीही हसत होते, पण माझा जीव अजून टांगणीला होता, कारण अट पलंगाची होती आणि हिचा स्वभाव मला माहीत होता. आढीला पलंग म्हणायचं कसं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

बाईंनी पलंगपोसाची कड उचलून पिवळे झालेले आंबे काढून आमच्या हातात दिले. सुरी आणायला त्या उठत होत्या, पण हिने आंबा हातानेच मऊ करून सालीसकट तोंडाला लावला. रस कोपरापर्यंत ओघळला. खाता खाता ती त्या फाटक्या कोपऱ्याकडेच बघत होती. "पुढच्या वर्षी आढी लावायच्या आधी मला निरोप द्या," ती बाईंना म्हणाली. "एवढा कोपरा येऊन शिवून जाईन."

पुढच्या वर्षी! मी दुसरा आंबा उचलला. काय बोललं म्हणजे बिघडेल, याचा अंदाज येत नव्हता.

बाहेर विहिरीवर हात धुवायला गेलो तेव्हा तिचा फोन वाजून थांबला. पर्समधून डोकावणाऱ्या फोनकडे तिने हनुवटीने खूण केली. "पुण्याला नाही म्हणून कळवायचंय," ती म्हणाली. "तेवढं तूच कळव. माझे हात बरबटलेत."

शेजारी बादलीभर पाणी होतं. मी ती बादली पायाने जरा लांब सारली, तिचा फोन घेतला आणि तिचं मन बदलायच्या आत कळवून टाकलं.