व्हॉल्यूम फुल राहिला
स्पीकर फुटल्यागत जोरात वाजला, आन् शेजारी निजलेली माझी सहा महिन्यांची पोरगी रडलीच नाय, नुसती डोळे उघडून पडून राहिली. चूक माझीच. मिस्टरांनी रेकॉर्डचा बारीक आवाज मोठा करणारे दोन प्रीअँप ट्रायलला आणलेले, सकाळी म्हणले, “दोन्ही ऐकून ठेव, चांगला तो घेऊ.” मी आधी रेकॉर्ड प्लेअर डायरेक्ट स्पीकरला जोडला, आवाज लय बारीक आला म्हणून व्हॉल्यूम फुल केला, मग मधे प्रीअँप जोडला आन् व्हॉल्यूम कमी करायचा राहूनच गेला. “काय फुटलं गं?” सासूबाई किचनमधून ओरडल्या. “काय नाय आई, ताट पडलं.” मी पोरीच्या कानाशी वाटीवर चमचा वाजवला, ती बघेच ना. परत वाजवला, परत वाजवला, तेव्हा कुठं तिनं मान वळवली आन् भोकाड पसरलं. मी बी रडले. संध्याकाळी मिस्टर म्हणले, “मग, कुठला भारी?” मी म्हणलं, “दोन्ही परत देऊन या.” आता ती शाळेत जाते, तरी मी पाठीमागून हळूच हाक मारून बघते. घरात अजून कोणालाच सांगितलं नाय. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?