हौसाला हवा होता काडीमोड

“नामाची बायको कुठाय?” असं विचारत कोणी दारात आलं, की हौसा सुकटीच्या टोपलीवर फडकं ओढायची. “ती इथं न्हाय ऱ्हात. सुकट पायजे तर हौसाकडं माग.” गिऱ्हाईक परत गेलं तरी बेहत्तर.

श्रीवर्धनच्या आमच्या कोळीवाड्यात ती एकटी राहायची. नामाने मारून तिचा हात मोडला, वर दुसरी बाई घरात आणून बसवली. त्याला कोणी जाब विचारला नाही. हौसाने काडीमोड मागितला, तेव्हा मात्र लगेच जातीची बैठक भरली. आमच्यात पूर्वापार पंचांसमोर गवताची काडी मोडली, की नवराबायको सुटी. बाई पुन्हा पाट लावायला मोकळी. पण पंचांनी नुकताच ठराव केला होता, काडीमोड बंद. का, तर वरच्या जातींत तो नसतो! त्यांच्या घरांत कोंडलेल्या बायका पाहून आमच्या पुढाऱ्यांना सुचली ती ही सुधारणा.

“वेगळी ऱ्हा,” पंचांचे म्होरके पाटील म्हणाले. “भात त्याच्याकडून देववतो. पन बायको त्याचीच ऱ्हायची.”

“भात मी मिळवतंय, पाटील. मला मोकळी करा.”

“दुसरा कोन बघून ठेवलास काय गो?”

“बघीन. नामानं बघितली तवा तुमाला इचारलंवतं?”

बैठक हसली. पाटील हसले नाहीत.

शेजारी म्हणून मी तिच्यासाठी अलिबागच्या वकिलाला भेटलो. कोर्टातून पोटगी मिळेल, वेगळं राहता येईल, तो म्हणाला. घटस्फोटाचा कायदा अजून झालेला नाही; लग्न मोडायचं तर जातीची रूढी हवी, आणि ती तर तुमच्याच पंचांनी बुडवली. हे मी हौसाला सांगितलं.

“म्हंजे होडी बांधलेलीच,” ती म्हणाली. “दोर तेवढा लांब सोडला. नको मला त्यांचा भात.”

तिने तो कधीच घेतला नाही. पाट लावायला तयार असलेला, होडी चालवणारा एक तांडेल वाट पाहून थकला आणि दुसरीकडे संसाराला लागला. पुढे हौसाला ताप आला, तो उतरलाच नाही. शेवटी मला म्हणाली, “भाऊ, मेल्यावर त्याला माज्या अंगाला हात लावू देव नको.”

मी दारात आडवा उभा राहिलो. पाटलांनी मला बाजूला सारलं. “काडी मोडली न्हाय. हक्क नवऱ्याचा.”

नामाने तिच्या कपाळभर कुंकू फासलं. बायकांनी ओटी भरली, एकेक जण वाकून पाया पडली. “सवाष्ण गेली,” त्या म्हणाल्या. “नशीब काढलंन.”