वरणात बुडालेली बुंदी

मला किळस फार लवकर येते. पंगतीत बुंदीला वरणाचा ओघळ लागला, की मी ताटावरून उठतो. गोड एकीकडं, तिखट एकीकडं, मधे भाताचा बांध, असा माझा जन्मभराचा बंदोबस्त. असला माणूस उदार विचारांचा असू शकतो, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही.

बोरीला बहिणीच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. थोरलं लेकरू पुण्यात नोकरीला. त्यानं दिवाळीत आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "मी बाईबी न्हाई आन् बाप्याबी न्हाई. मला दोन्हीकडं ढकलू नका." बहीण रडली, मग तिनं चकल्या तळायला घेतल्या. लग्न ठरल्यावर नवरीनं हट्ट धरला, कानपिळी थोरल्यानंच करायची. नवरदेवाचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, हा खरं तर भावाचा मान. "मला दादा नको, ताई नको. माझ्या मागं हुबं राहायला हेच एक हाय," ती म्हणाली.

मी रिटायर मास्तर. तीन माणसं एका जागी बसलेली दिसली, की माझा तास सुरू होतो. आगाऊपणे सोनपेठला नवरदेवाच्या घरी गेलो आणि चहा निवेपर्यंत व्याख्यान दिलं, माणसाचे दोनच साचे नसतात वगैरे. नवरदेवाचे चुलते सुपारी चघळत ऐकत होते. त्यांनी लाळ ओढत विचारलं, "ते समदं खरं हो गुरुजी. पण खाली काय हाय?"

आणि मी उत्तर दिलं! वर्गात पोरानं शंका विचारावी तसं, "जन्मानं म्हणाल तर..." अशी सुरुवात करून. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. एकदा बरळलो तेवढं बस.

लग्नाच्या दिवशी लेकरू साधा कुडता घालून, डोळ्यांत काजळ भरून मांडवात आलं, आणि प्रत्येकाची नजर त्याच्या तोंडावरून घसरून कमरेखाली गेली. लग्नाला आलेली, अत्तर फासलेली, देवाधर्माची माणसं! मला त्या सगळ्यांची किळस आली. त्यात चुलते आले. "चुलतभाऊ हुबा करा. आमच्या पोराला त्याचा हात लागायचा न्हाई."

लेकरानं मला खांबामागं ओढलं. "मामा, मी कोण हाय ते मी तुमाला सांगितलं हुतं. तुमी माझं अंग सांगून आलाव. मी आता निघणार. बॅग उचललीय."

नवरीला पाटावरून बॅग दिसली. मुंडावळ्या सावरत ती तिथूनच ओरडली, "जायचं तर जा. मग कान तसाच ऱ्हाईल. दुसऱ्या कुणाला मी पिळू देणार न्हाई, अन् त्याबिगर उठणारबी न्हाई!"

नवरदेवानं चुलत्यांकडं पाहिलं, मग फेटा वर सरकवून कान मोकळा केला. "पिळा हो लवकर. लय भूक लागलीय."

लेकरानं बॅग ठेवली आणि असा कान पिळला की नवरदेव "आई गं!" म्हणून वाकला. नवरी खुदकन हसली. चुलते मांडवाबाहेर जाऊन थुंकून आले.

पंगतीत ते नेमके माझ्याच शेजारी. तोंडात बुंदी, मिशीवर बुंदी. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पण गुरुजी, तुमी त्या दिवशी म्हणलाव तेच ना? जन्मानं..."

वरणाची बादली घेऊन लेकरू समोरच उभं होतं.

"मला काय बी माहीत न्हाई," मी म्हणालो.

"आता माहीत न्हाई?" लेकरू म्हणालं. त्यानं पळी भरली आणि थेट माझ्या बुंदीवर ओतली. वर आणखी एक. पिवळ्या वरणात बुंदी फुगून तरंगायला लागली. वरून लसणाच्या फोडणीचा वास.

लेकरू हललं नाही. बादली घेऊन बघत राहिलं.

मी खाल्लं. गिळताना दोनदा उमासा आला, तरी शेवटच्या दाण्यापर्यंत.