ट्रॅक्टरखालचं घमेलं

दूध संस्थेत सेक्रेटरी म्हणून बावीस वर्षं काढली की दूध कमी आणि किस्से जास्त गोळा होतात. त्यात दुष्काळाचं साल असलं तर विचारूच नका! त्या साली डेअरीत सकाळी दोन कॅनसुद्धा धड भरत नव्हते, पण कट्ट्यावर माणसं मात्र भरपूर. त्या सालचे निम्मे किस्से एकट्या ट्रॅक्टरचे आहेत. आज हसून सांगतोय, तेव्हा घशाखाली घास उतरत नव्हता.

ट्रॅक्टर संस्थेचा. एरवी दुधाचे कॅन वाहायचा, त्या साली त्याच्यामागं पाण्याचा टँकर जोडला. दोन कोसांवर एका विहिरीला काय ते पाणी राहिलं होतं. दिवसाला दोन खेपा. माणसांनी तेच प्यायचं, दुभत्या जनावरांनीही तेच. ड्रायव्हर ज्ञानोबा. पण पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून आमचे चेअरमन आबा यांनी नियम केला, की रोज एका संचालकानं टँकरबरोबर जायचं आणि स्वतः उभं राहून वाटप करायचं. सोमवार ते शनिवार आबा धरून सहा संचालक. रविवार माझ्याकडं.

"अन् ट्रॅक्टरच बंद पडला तर?" मी मीटिंगमध्ये विचारलं.

"सेक्रेटरी, कधीतरी चांगलं बोलत जावा की!" आबा म्हणाले.

*

काम झालं की ट्रॅक्टर माझ्या अंगणात उभा असायचा. एका सकाळी शेजारच्या सखुबाईनं हाक मारली. सत्तरीची बाई, एकटी राहते, एक शेळी आणि तोंड भरपूर.

"सेक्रेटरी, ह्ये तुमचं जनावर खाली काय करून ठिवलंय बघा!"

वाकून बघितलं तर इंजिनाखाली भाकरीएवढा काळा डाग. बोट लावलं. ऑइल! ऑइल संपलं की इंजिन जाम, इंजिन जाम झालं की टँकर बंद, आणि गावातले बाकीचे ट्रॅक्टर तर जनावरांच्या छावणीचा चारा वाहायला गेलेले.

मी पटकन एक घमेलं आणून खाली ठेवलं. दुपारपर्यंत अख्खं गाव त्या घमेल्यात डोकावून गेलं. आजारी माणसाला बघायला यावं तसे यायचे, थोडं थांबायचे, हळू आवाजात विचारायचे, "आज किती पडलं?" एकानं तर जाताना माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, धीर धरा."

*

घाटनांदूरला आमचा मेकॅनिक लतीफभाई. त्याला फोन लावला. त्याच्याकडं कामं तुंबलेली, चार दिवस यायला जमणार नव्हतं.

"घरीच बघा की सेक्रेटरी. सोप्पं हाय. आधी इंजिन पाण्यानं सोच्छ धुवा. मग कुठून गळतंय ते दिसतंय."

"लतीफभाई, धुवायला पाणी कुठाय?"

"मग टँकर आणा."

"टँकर आणायला ट्रॅक्टर लागतो ना!"

"मग ट्रॅक्टर चालू करा."

"चालू केला अन् जाम झाला तर?"

"म्हणून तर म्हणतो, आधी धुवा!"

मी फोन ठेवून दिला. बाहेर घमेल्यात थेंब पडल्याचा आवाज आला. आला म्हणजे, मला आला. बायको म्हणाली काही आवाज नाही, तुमचं डोकं वाजतंय.

*

शेवटी डिझेलमध्ये जुनं धोतर भिजवून ज्ञानोबानं इंजिन पुसून काढलं. मग लतीफभाईनं फोनवर दुसरा उपाय सांगितला. इंजिन कोरडं करायचं, वर पावडर मारायची, थोडा वेळ चालू ठेवायचं. जिथं पावडर ओली होईल तिथं गळती!

पावडर म्हणजे माझ्या बायकोची. तिच्या भावानं दिवाळीला दिलेला गुलाबाच्या वासाचा डबा. मी हळूच फडताळातून काढला.

अर्धा डबा संपला. इंजिन नवरीसारखं पांढरंफेक झालं, अंगणभर गुलाबाचा वास. सगळे संचालक खाली वाकून ऑइलच्या चेंबरकडं बघत बसले. खाली सगळं कोरडं. तेवढ्यात सखुबाई भिंतीवरून म्हणाली, "वर बघा की बे, वर! मुंडकं गळतंय अन् पाय कावून बघताय?"

खरंच टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेनं पावडर काळी पडत होती. तिथून ऑइल ओघळून मागच्या बाजूनं खाली येत होतं. आम्हाला एवढा आनंद झाला की आबांनी माझ्या पाठीत थाप मारली.

बायको दारात उभी होती. हातात अर्धा झालेला डबा. "माझ्या तोंडाला लावताना चिमूटभर पुरे म्हणता," ती म्हणाली. "इंजिनाला अर्धा डबा?"

*

गळती सापडली, आता कव्हरखालचं पॅकिंग बदलायचं. जुनं पॅकिंग काढताना तुकडे तुकडे झालं. नवं गावात मिळेना. जाड पुठ्ठ्याचं कापून काम भागेल, असं ज्ञानोबा म्हणाला. तसा पुठ्ठा एकच होता, संस्थेच्या ठराव बहीचं, म्हणजे ठराव लिहायच्या वहीचं कव्हर!

मी कात्री घेतली. आबांनी हात धरला.

"सेक्रेटरी, बही संस्थेची हाय. ठरावाबिगर कापता येणार न्हाई."

"आबा, दुपारची खेप राहिलीय. पिंपं कोरडी हायत."

"म्हणूनच म्हणतो, लवकर लिवा."

मग अंगणातच ट्रॅक्टरभोवती सभा झाली. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. ठराव बहीत लिहिला, सह्या घेतल्या आणि त्याच बहीचं कव्हर कापलं. पुढं जिल्ह्याहून ऑडिटर आला तेव्हा त्यानं विचारलं, "बहीचं कव्हर कुठंय?" मी ठरावावर बोट ठेवलं. त्यानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि पाणी मागितलं.

*

पॅकिंग बसलं. बोल्ट आवळले. दोन दिवस मी सारखा वाकून घमेलं बघत होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब!

आता मात्र मी घाबरलो. इंजिन आतून गेलं असणार असं मनानं घेतलं. गोठ्यातली म्हैस माझ्याकडं बघायची तर मला तिच्याकडं बघवेना. आबा म्हणजे नेहमी मला बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनीच विचारलं, "सेक्रेटरी, बंद पडला तर काय करायचं?" मी परत घमेल्यात डोकावलो.

चौथ्या दिवशी लतीफभाई आला. पाना काढला नाही, कव्हरला हात लावला नाही. ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घालून काढली आणि डोक्याला हात लावला.

"या अल्ला! वरच्या खुणेच्या बी वर गेलंय. एवढं ऑइल कोण ओतलं?"

संचालक एकेक करून घमेल्याकडं बघायला लागले.

"खेपेहून आल्या आल्या गरम इंजिनाची पट्टी बघत व्हते का? तवा ऑइल वर चढलेलं ऱ्हातंय. पट्टीवर कमीच दिसणार. जास्तीचं ऑइल जागा मिळंल तिथून बाहेर येतंय."

सोमवारवाल्या संचालकानं खाकरून घसा साफ केला. "मी जरासं टाकलतं. आपल्या वारी इंजिन जाम झालं तर गाव आपल्याला नावं ठिवंल म्हणून."

"मी बी," मंगळवार म्हणाला.

"अर्धा लिटरच," बुधवार म्हणाला.

असं करत करत शनिवारपर्यंत आलं. शनिवार म्हणजे स्वतः आबा! डाग दिसायच्या आधीपासूनच आपापल्या वारी प्रत्येकानं घरून बाटली आणून, दुसऱ्याला न सांगता, गावाच्या काळजीनं ओतलं होतं. मी मान हलवत सगळ्यांकडं बघत होतो. अशी माणसं संस्था चालवतात!

आबा माझ्याकडं वळले. "अन् रविवार?"

मी घमेलं उचलायला वाकलो.

"लिटरभर," मी म्हणालो.

*

लतीफभाईनं जास्तीचं ऑइल काढलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेला सगळेच्या सगळे संचालक गेले, मीही गेलो. येताना इंजिन मऊ चालत होतं, पण माझा जीव टांगणीला. माझ्या अंगणापाशी ज्ञानोबानं ट्रॅक्टर उभा केला. भांडी घेऊन बाया जमलेल्या. मी उतरून मागं बघितलं.

पांढऱ्या धुळीच्या रस्त्यावर, पार वळणापासून माझ्या पायापर्यंत, काळे थेंब. एका ओळीत.

"आबा," मी रस्त्याकडं बोट केलं, "गळतंय!"

आबा खाली बसले. थेंबाला बोट लावलं. चोळलं. वास घेतला. मग बोट जिभेला लावलं.

"पाणी हाय बे! पाणी हाय!" आबा ओरडले. "ऑइल न्हाई! टँकरचा नळ ढिला झालाय!"

आम्ही जे हसायला लागलो! एकमेकांच्या पाठीवर थापा, मंगळवारनं बुधवारला मिठी मारली, ज्ञानोबानं हॉर्न वाजवला. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

सखुबाई तेवढी हसली नाही. गर्दीतून पुढं आली, टँकरच्या मागं जाऊन बसली आणि गळत्या नळाखाली आपला तांब्या लावला.

"तुमचं हसून झालं की सांगा," ती म्हणाली. "तवर मी धरते."