आत्या आणि वेल्डरची चौथी केमो

आमची आत्या कॅन्सरच्या दवाखान्यात अ‍ॅक्युपंक्चर करते. सुई तिची केसाइतकी बारीक, जीभ मात्र दाभणासारखी. केमो घेतलेल्यांची मळमळ, तोंडाची कोरड, बधिर झालेली बोटं, एवढाच तिचा प्रांत. खोली तळमजल्यावर, चादरींच्या कपाटाला लागून. आत येणाऱ्याला ती दोन गोष्टी विचारते: रक्ताचा ताजा रिपोर्ट आणि पुढच्या केमोची तारीख. पेशी कमी असल्या तर सुई नाही. तारीख नसेल तर बसायला खुर्चीसुद्धा नाही.

या कामात तिने मारही बराच खाल्लाय. पोटात ढवळत असलं की माणूस समोर येईल त्याला हाणतो. एका मास्तरांनी तिचा चष्मा फोडला, एका आजीबाईंनी दंडाला कडकडून चावा घेतला. इतर माणसं नवे कपडे दाखवतात तशी आत्या आम्हाला वळ दाखवायची. उलटा हात मात्र तिने कधी उचलला नव्हता. म्हणजे वेल्डर येईपर्यंत.

वेल्डर सहा फुटी, आतड्यात गाठ. पहिल्या केमोनंतर ओकून ओकून असा पिसाळला की सलाईनचा स्टँड त्याने वॉर्डबॉयच्या पाठीत घातला. आत्याने त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, सुई लावली. दुसऱ्या केमोला तो एकदाच ओकला. तिसऱ्या केमोला चक्क जेवला. आत्या घरी येऊन अशी काही मिरवली की मी म्हटलं, आता तुझा पुतळा तेवढा उभारायचा राहिलाय.

चौथ्या केमोआधी तिने नेहमीसारखी तारीख विचारली. वेल्डर हसून म्हणाला, रद्द केली. गुण तर तुमच्या सुयांनी येतोय, मग ते विष कशाला घ्यायचं? एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण रांगेतल्या आणखी दोघांना त्याने हे पटवून दिलं होतं. डॉक्टर बोलून थकले. बायकोने हात जोडले, तर तिला त्याने घरी नेऊन बदडलं. ही बातमी तिच्या सुजलेल्या ओठासकट आत्याकडे आली.

आत्या माझ्या स्कूटरवर मागे बसली आणि म्हणाली, त्याच्या वर्कशॉपवर घे. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

तो लोखंडी गेटला टाके मारत होता. आत्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. त्याने तोंडावरची काच वर केली आणि काडकन कानाखाली खाल्ली. ही बायकोबद्दल, आत्या म्हणाली. केमोबद्दलची दुसरी बसायच्या आत त्याने तिला ढकललं. ती भंगारावर आदळली, उठली आणि हाताला लागलेला तारेचा ब्रश त्याच्या नडगीवर ओढला. रक्त आलं. मग त्याने पाइप उचलला. आत्याने हात आडवा घातला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मी मधे पडलो नाही. साक्षीला कुणीतरी धड राहायला हवं, असं मी अजूनही सांगतो.

मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. वेल्डरने पाइप टाकला. घाबरून म्हणाला, बाई, सुया आणल्यात ना, लावा की लवकर.

आत्या जमिनीवर बसली होती, ओठ पांढरेफटक. म्हणाली, "सुईने दुखणं कमी होईल. हाड जुळेल का रे, रेड्या?"

त्याने पाइप पायाने टेबलाखाली सारला.

"तुझी गाठ मी सुईने विरघळवतेय ना? मग हाडही जोडते. कुठे नेऊ नकोस मला. बस इथे, बघत."

आणि ती खरंच उठेना. मी स्कूटर सुरू केली तर माझ्यावरच खेकसली. पंधरा मिनिटांत हात कोपरापर्यंत सुजला, बोटं निळी पडायला लागली. वेल्डर येरझाऱ्या घालत होता, टेबलाला लाथा मारत होता, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शेवटी तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"नाही जुळत. उठा."

"आणि गाठ?"

"नाही विरघळत. उठा आता, पाया पडतो."

त्यानेच तिला उचलून टेम्पोत घातलं. उजव्या हाताला सहा आठवड्यांचं प्लास्टर. वेल्डरविरुद्ध पोलिसांत द्यायची तक्रार आत्याने माझ्याकडून लिहून घेतली, अंगठा उमटवला आणि कागद वेल्डरच्या बायकोच्या हाती दिला. कधी नेऊन द्यायचा ते तू ठरव, म्हणाली. त्या दिवसापासून वेल्डर घरात हळू बोलतो म्हणे.

चौथ्या केमोला तो आला तो दोन माणसांना कॉलर धरून ओढत. त्यानेच बिघडवलेले ते दोघे. एकाच्या नाकातून रक्त वाहत होतं, कारण त्याने वेल्डरला वेल्डरचंच जुनं म्हणणं ऐकवलं होतं. आत्याने प्लास्टरचा हात वेल्डरच्या बरगडीत हाणला, त्या माणसाच्या नाकात कापूस कोंबला आणि तिघांना रक्त तपासायला पाठवलं.

तिघांच्याही पेशी पुरेशा निघाल्या. आत्याने डाव्या हाताने सुई लावली, पण जागा काही नीट सापडली नाही. वेल्डर त्या दिवशी पाच वेळा ओकला. पाचही वेळा त्याने आत्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. सलाईनच्या स्टँडला मात्र, बाटली रिकामी होईपर्यंत, त्याने हात लावला नाही.